परतीची वाट

नाशिक रोडला आमच्या समोर राहणारे काका कारखान्यांतल्या वाफेच्या पाइपांची मापं ठरवतात. बोलताना अंगठ्या-बोटाचं कडं करतात आणि विषय रंगला की ते कडं मोठं होत जातं.

"परतीचा पाइप सगळे बारीक घेतात. म्हणे, वाफ थंड होऊन झालेलं नुसतं पाणीच तर परत यायचंय. अहो, त्यातल्या थोड्या पाण्याची वाटेत पुन्हा वाफ होते. तिला जागा नको?"

त्यांच्या मुलीच्या लग्नात जेवणाच्या मांडवाचं बाहेर पडायचं दार आत जायच्या दाराच्या दुप्पट होतं. मी कारण विचारलं. काकांनी दोन्ही हातांचं कडं केलं.

"भुकेला माणूस सरळ आत जातो. जेवलेला दारातच गप्पा मारत थांबतो."

आम्ही दोघं त्याच दारात किती वेळ बोलत उभे होतो. दोन्ही बाजूंनी माणसं आरामात जात होती.