बिनफाटकाची वाट

नव्वदच्या दशकात आम्ही नवागामात राहत होतो. माझा थोरला भाऊ शटल रिक्षा चालवायचा. सकाळी कापड विणणाऱ्या लूमचे कामगार भरायचे आणि चलथाणकडच्या कारखान्यांवर सोडायचे, हा त्याचा धंदा. मी तिकडच्याच एका शाळेत शिकवत होते, म्हणून मीही त्याच्याबरोबर जायचे.

पक्क्या रस्त्याला रेल्वेचं फाटक होतं. ते एकदा बंद झालं की लवकर उघडत नसे. म्हणून सगळे रिक्षावाले उसातून जाणारी कच्ची वाट धरायचे. तिथेही रूळ आडवे यायचे, पण फाटक नव्हतं, माणूसही नव्हता. ऊस उभा असला की चाक रुळाला लागेपर्यंत येणारी रेल्वेगाडी दिसत नसे.

एका हिवाळ्यात आमच्या पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर होता. त्यावर टेप मोठ्याने लावलेला. तो रुळांवर चढला आणि आम्हाला शिट्टी ऐकू आली. भावाने हॉर्न दाबून धरला. ट्रॅक्टरवाल्याला वाटलं, मागचा साईड मागतोय. त्याने मागे न बघताच हात वर करून थांबायची खूण केली.

पुढचं मी डोळे मिटल्यामुळे पाहिलं नाही. भावाने पाहिलं. ट्रॅक्टरवाला उसात लांब फेकला गेला होता. भाऊ धावत गेला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आपल्या बाटलीतलं पाणी पाजायला बघितलं. पाणी ओठांच्या कडेने खाली गेलं.

घरी आल्यावर भाऊ एवढंच म्हणाला, "त्याले वाटनं मी घाई करी ऱ्हायनू."

त्यानंतर भाऊ तिथे रोज थांबायला लागला. इंजीन बंद करायचा, उतरून रुळांपर्यंत चालत जायचा, दोन्हीकडे बघायचा, कान द्यायचा. मग येऊन पायाजवळचा दांडा ओढून रिक्षा चालू करायचा. थंडीत ती लवकर चालू व्हायची नाही. मागून येणाऱ्या रिक्षा बाजूने निघून जायच्या.

कामगारांनी आधी चालवून घेतलं. मग एकजण म्हणाला, "भाऊ, पाळी चुकनी तं मुकादम मझार येऊ देत नही."

"त्या दिवशी तूबी व्हता ना रिक्षामा?" भावाने विचारलं.

"व्हतू. पन मुकादम नव्हता ना."

त्या बोलण्यावर कोणी हसलं नाही. पुढच्या आठवड्यापासून तो दुसऱ्या रिक्षात बसू लागला, मग बाकीचेही गेले. भाऊ स्टेशनवर जाऊन फाटकासाठी विचारून आला. कच्च्या वाटेला फाटक मिळत नाही, असं तिथल्या साहेबाने सांगितलं. पक्क्या रस्त्याने जाऊन पाहिलं, तर बंद फाटकापाशी पाळीची वेळ टळून जायची. काही दिवस रिक्षात आम्ही दोघंच होतो.

वहिनी भांडली नाही. ताट वाढता वाढता म्हणाली, "तुम्ही एकलाच थांबतस. दुसरं कोनी थांबस का?" भाऊ खाली मान घालून जेवत राहिला.

कधीपासून ते सांगता येणार नाही, पण त्याने उतरणं सोडलं. आधी नुसता वेग कमी करायचा. मग तेही गेलं. कामगार हळूहळू परत आले, रिक्षा पुन्हा ठासून भरली. त्याच्याशी सगळे आधीसारखे बोलायला लागले.

पुढच्या वर्षी ऊस पुन्हा डोक्याच्या वर गेला होता. रूळ जवळ आले तेव्हा मी भावाकडे बघितलं. त्याची नजर सरळ समोर होती. डावीकडे नाही, उजवीकडे नाही.

रूळ ओलांडल्यावर मी हळूच विचारलं, "भाऊ, निदान बघत तरी जा ना."

"देखं तं थांबनं पडस," तो म्हणाला.

शाळेपाशी त्याने मला उतरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्याच रिक्षात जाऊन बसले, कारण बाकीच्या रिक्षाही रुळांपाशी थांबत नव्हत्या, आणि त्या वेळी शाळेकडे जाणारं दुसरं काही मिळत नव्हतं.