सितारामच्या बोर्डाचा फोटो

वालूरमध्ये कोणाच्याही घरातली लाइट गेली की माझ्या नवऱ्याला हाक येते. त्यांचं नाव नागनाथ. बोलताना मी हे नाव घेत नाही, पण लिहिताना घेणार आहे. ‘आमचे हे’ म्हणून सांगायला बसले तर निम्मी चूक मीच झाकून टाकीन.

बावीस वर्षं ते वायरमनचं काम करतात. गावात त्यांचं नाव एकाच गोष्टीसाठी झालं होतं, की नागनाथनं बांधलेला फ्यूज जात नाही. जाईल कसा? फ्यूजमध्ये बारीक तार टाकायची असते, म्हणजे भार वाढला की ती आधी वितळते आणि घर वाचतं. नागनाथ मोटारीच्या वाइंडिंगची जाड तार टाकायचे, तीही दुहेरी. लोक खूश, कारण सारखं स्टुलावर चढायची कटकट मिटली. नवऱ्याचं कौतुक ऐकून मीही खूश होते, खोटं कशाला बोलू?

मग गावात सोलर आलं. सेलूचा एक ठेकेदार छतावर प्लेटा बसवायचा आणि घरातली जोडणी नागनाथकडे द्यायचा. त्याची अट एकच होती. घरातला बोर्ड जुना असेल तर आधी नवा बसवायचा, जाड वायर ओढायची आणि त्या नव्या बोर्डाचा फोटो मोबाइलवर पाठवायचा. फोटो मिळाला की अनुदानाची फाइल पुढे सरकायची.

आमच्या गल्लीत धुरपताबाईंचं घर आहे. मुलगा योगीराज गंगाखेडच्या साखर कारखान्यात, आठवड्याला येऊन जाऊन. घरात सून बबिता आणि नात अर्पिता. त्यांच्या बैठकीत तीस वर्षांपूर्वीचा लाकडी बोर्ड होता, आतल्या वायरी चिरलेल्या. तो बदलायला भिंत फोडावी लागणार होती. पण महालक्ष्म्या त्याच भिंतीपुढे बसायच्या, सण आठ दिवसांवर आलेला आणि रंग नुकताच दिलेला. धुरपताबाईंनी साफ सांगितलं की आता या भिंतीला छिन्नी लागणार नाही, महालक्ष्म्या उठल्या की काय फोडायचं ते फोडा. नागनाथ तयार झाले. प्लेटांची लाइन त्यांनी त्या जुन्याच बोर्डाला जोडून दिली, आठ दिवसांपुरती.

राहिला फोटो. नागनाथना मोबाइलमधलं फोन उचलण्यापलीकडे काही येत नाही, हे फोटोचं काम माझ्याकडे. मी अंगणवाडी सेविका, रोज मुलांचे फोटो पाठवून बोटं सरावलेली. मागच्या महिन्यात सितारामच्या घरी नवा बोर्ड बसवला होता, त्याचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. मीच म्हणाले, हाच पाठवू, बोर्डावर कुठं नाव लिहिलेलं असतं? नागनाथ पक्कड-टेस्टर पिशवीत भरत राहिले. मी फोटो पाठवला आणि पोळ्या लाटायला बसले.

महालक्ष्म्या उठल्या. मग सोयाबीनची काढणी आली, मग रब्बीच्या मोटारी जळायला लागल्या, आणि ते आठ दिवस काही संपले नाहीत.

इकडे बबिताचं बिल जवळजवळ शून्यावर आलं. एवढी वीज फुकट जाते म्हणून तिनं घरगुती गिरणी घेतली. गल्लीतल्या बाया दळण टाकू लागल्या. लग्न होऊन सात वर्षांत पहिल्यांदा तिच्या हाती तिचे स्वतःचे चार पैसे यायला लागले होते. चालायला लागली की पीठ लागलेला पदर झटकत चालायची, मला ते बघायला फार आवडायचं. पुढे विजेची शेगडी आली, पाण्याचा हीटर आला, कूलर आला.

फाल्गुनात एकदा अर्पिताला अंगणवाडीत सोडायला आली तेव्हा ती म्हणाली, “बाई, बोर्डाला हात लावला तर चटका बसायलाय. दादांला जरा बघायला सांगा.”

मी जेवताना सांगितलं. नागनाथनी ताटातून मान वर केली नाही. ऊन हाय, भिंत तापती, एवढंच म्हणाले. काय खरं आहे ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. दुसऱ्यांदा मी विषय काढला नाही, कारण काढला असता तर फोटोचा विषयही निघाला असता.

चैत्रात भर दुपारी बोर्ड पेटला. गिरणी, शेगडी, कूलर, सगळं चालू होतं. वीज दोन बाजूंनी यायची, खांबावरून आणि छतावरून. फ्यूज होता तो फक्त खांबाच्या वाटेवर. छतावरून येणारी वीज त्याला दिसतच नव्हती. दोन्हीकडचा भार आतल्या त्या एका म्हाताऱ्या वायरीवर पडत होता. बारीक तारेचा फ्यूज असता तरी तो सगळा भार त्याला कळला नसता, आणि इथं तर जाड तार होती. धुरपताबाईंनी ओल्या पोत्यानं आग विझवली. त्यात त्यांचा उजवा तळहात भाजला. आजही त्यांची दोन बोटं मिटत नाहीत.

गावानं निकाल लावला की सुनेच्या गिरणीनं घर जाळलं. योगीराजनं येऊन गिरणी विकून टाकली. धुरपताबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवायच्या आणि सुनेच्या देखत तिचा हव्यास सांगायच्या. बबिता खाली मान घालून चहा आणून द्यायची. नागनाथनी फुकटात नवा बोर्ड बसवून दिला, तर लोक त्यांना देवमाणूस म्हणू लागले.

हे देवमाणूस मात्र घरोघर जाऊन जाड तारा काढून बारीक बांधू लागले. आता फ्यूज जायला लागले तसे लोक वैतागले, नागनाथचा हात बिघडला म्हणाले. ते ऐकून घ्यायचे. पण जे एका घरी जाऊन सांगायचं होतं ते सांगत नव्हते. मी चिडून म्हणायचे, जाऊन सांगा एकदाचं. चिडायचा मला काय अधिकार होता?

श्रावणात धुरपताबाईंनी दुरुस्त घरात सत्यनारायण घातला. पूजेनंतर भिंत दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला आणि नागनाथना टॉवेल-टोपी करायची ठरली. मिस्त्रीचं झालं. धुरपताबाईंनी डाव्या हातानं टोपी उचलली, तेव्हा नागनाथ मागे सरकले.

“मावशी, गिरणीनं न्हाई जळलं,” ते म्हणाले. “माज्यामुळं जळलं. बोर्ड बदलल्याबिगर मी लाइन जोडली. बबिताचा काही कसूर न्हाई.”

मग मीही उठून फोटोचं सांगितलं. सांगताना वाटत होतं, आता सुटले.

धुरपताबाईंनी टोपी खाली ठेवली. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सुनेला विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“बोर्ड तापतो एवढं ठाऊक होतं. बाईंना सांगून आले होते मी.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुमी इचारलं कुठं?” बबिता म्हणाली.

धुरपताबाई खाली बसल्या. मग त्यांनी एक पान वाढायला लावलं आणि सुनेला सगळ्यांच्या आधी त्या पानावर बसवलं. त्या घरात सून सगळ्यांत शेवटी जेवायची. न मिटणाऱ्या बोटांत वाटी धरून त्यांनी स्वतः तिला शिरा वाढला. थोडा सांडला.

बबितानं घास हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

“बाई,” ती म्हणाली, “दादांचं मला वाईट न्हाई वाटलं. पण मी रोज पोरगी घेऊन तुमच्या दारात येत होते. रोज वाटायचं, आज बाई बोलतील.”