तीस फुटांचा रॅम्प

"चला, दाखवा," असं म्हणत सर चपला घालायला लागले की समाजमंदिरातल्या निम्म्या लोकांना अचानक घरची कामं आठवायची.

कोणी म्हणायचं, आमच्या गल्लीत दिवा हवा. कोणी म्हणायचं, गटार तुंबतं. सर ऐकून घेत, कापडी पिशवी खांद्याला लावत आणि दाराकडे निघत. उन्हाचं, चिखलाचं, गुडघ्याचं कारण चालत नसे. एकदा आमच्या समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ रस्ता अरुंद आहे म्हणून तावातावाने बोलत होते. सरांनी सगळ्यांना तिथं नेलं. रस्ता अरुंद होता, कारण गृहस्थांचीच मोटार तिथं उभी होती. सर मोटारीच्या या अंगाने गेले, त्या अंगाने परत आले आणि शांतपणे म्हणाले, "बरं. पुढचं कोणाचं?"

असा माणूस तुमच्याही वसाहतीत एखादा असेल. लोक त्याला लांबून येताना पाहून फोन कानाला लावतात आणि तो गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं बोलतात.

आमच्या भागात कोणती लहान कामं व्हावीत ते रहिवाशांनी वर्षातून एकदा बसून ठरवायचं, आणि पालिकेने त्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवायची, अशी ती योजना. कागदावर सोपी आहे. प्रत्यक्षात रविवारी सकाळी माणसं घराबाहेर काढावी लागतात. सरांनी जन्मभर तेच केलं. आधी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, मग एका संस्थेतर्फे निफाडपासून येवल्यापर्यंत फिरून लोकांना अंदाजपत्रक वाचायला शिकवलं. निवृत्तीनंतर ते नाशिक रोडला आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आले आणि इथली बैठक चालवू लागले. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. नोकरी हिशेब विभागात, म्हणून मतमोजणी माझ्या गळ्यात पडली.

मतं म्हणजे चिंचोके. प्रत्येकाला पाच मिळत. जितकी कामं सुचवलेली, तितके बिस्किटांचे रिकामे डबे रांगेत मांडलेले. ज्याला जे काम हवं, त्याने त्या डब्यात चिंचोके टाकायचे. सर तेव्हा डब्यांकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसत. एकदा एक आजोबा पाचही चिंचोके खिशात घालून निघाले. विचारलं तर म्हणाले, "घरी विचारून उद्या टाकतो." सरांनी त्यांना जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी आजोबा खरंच आले. निकाल लागून गेला होता, पण सरांनी त्यांच्यासाठी डबे पुन्हा मांडले.

"आज किती?" बैठक संपली की ते मला विचारत.

"अठरा."

"मागच्या वेळी?"

"एकोणीस."

"म्हणजे टिकून आहे," असं म्हणून ते ओट्यावर बसत आणि गुडघे चोळत. "लोकांना कंटाळा येतो हे मला मान्य आहे हो. मलाही येतो. पूर्वी कंटाळ्याचं मानधन तरी मिळायचं. आता फुकट कंटाळतो."

त्यांच्या शाळेतली एक गोष्ट ते या ओट्यावर बसून सांगत. शाळेत काय हवं, असं मुलांना विचारल्यावर सगळा वर्ग ओरडला होता, पोहायचा तलाव. शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. सर हसले नाहीत. "चला, दाखवा," म्हणाले आणि वर्ग पटांगणात नेला. मुलांनी हात धरून तलावाच्या कडा तयार केल्या. तलावात मुख्याध्यापकांची स्कूटर आली. मुलं थोडी आत सरकली, तर कवायतीची जागा गेली. पुन्हा सरकली, तर झाडाखालची डबा खायची जागा पाण्यात. असं सरकत सरकत तलाव भिंतीला लागला आणि चार नळांचा हौद होऊन थांबला. हात धुवायला नळ नव्हतेच. मुलांनी तेच मागितलं आणि ते झालं. "मी काही शिकवलं नाही," सर म्हणत. "फक्त त्यांना जागेवर उभं केलं."

त्यांचा एक नियम मात्र आम्हाला जाचायचा. बैठक चालवणाऱ्याने काही मागायचं नाही, सुचवायचं नाही, चिंचोका टाकायचा नाही. "मी चालवणारा. मागणारा नाही." चार वर्षांत त्यांच्या घरासमोरचा दिवा दोनदा बंद पडला, तेव्हाही त्यांनी चकार शब्द काढला नाही. शेवटी ती तक्रार मी केली.

मग काकूंना अर्धांगाचा झटका आला.

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं, पण डोकं आणि जिभेची धार दोन्ही जागेवर होती. व्यायामासाठी त्यांना आठवड्यातून दोनदा आमच्याच रस्त्यावरच्या पालिकेच्या दवाखान्यात न्यावं लागे. सरांनी व्हीलचेअर घेतली. घरापासून दवाखान्याच्या फाटकापर्यंत ती नीट जायची. फाटकातून आत गेलं की पाच पायऱ्या. तिथं सर खुर्चीला ब्रेक लावत, काकूंच्या पाठीमागे एक हात घालत आणि कोणी मदतीला येतं का म्हणून इकडेतिकडे बघत. कधी मी असे, कधी औषधाच्या दुकानातला माणूस. बहुतेक वेळा फाटकाशी भाजीची हातगाडी लावणाऱ्या मावशी हातातला तराजू ठेवून धावत येत.

"जपून हो सर. पोटऱ्या थरथरताय तुमच्या."

"त्यांच्या पोटऱ्यांचं सोडा," काकू वरून अडखळत म्हणत. "धरलंय मला. आधी मला बघा."

त्या वर्षीची बैठक जवळ आली तेव्हा मी सरांना म्हटलं, "दवाखान्याला रॅम्प हवा, असं मी मांडतो."

"नको."

"का?"

"तुम्ही माझ्या वर राहता. लोक म्हणतील, मी तुमच्या तोंडून मागितलं."

"म्हणू दे की."

"नको," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. थकला होता. मी ते मांडायचं सोडून दिलं.

बैठकीत मात्र भाजीवाल्या मावशी उभ्या राहिल्या. त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या. "मला काय बोलता येत नाय," त्या म्हणाल्या. "पण माझ्या सुनेला दिवस गेलेत. तिला त्या पायऱ्या चढवताना माझा जीव वर येतो. तिथं चढायला उतार करा."

सरांनी चपला घातल्या. "चला, दाखवा."

आम्ही सगळे दवाखान्यापाशी गेलो. आणि तिथं सरांनी मावशींना जे प्रश्न विचारले, तसे त्यांनी कधीच कोणाला विचारले नव्हते. पायरी किती इंच? सहा. मग पाच पायऱ्यांचे किती? अडीच फूट. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे रॅम्प किती लांब? मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. तीस फूट, मी सांगितलं. "दारापासून फाटक पंधरा फुटांवर आहे," सर म्हणाले. "उरलेले पंधरा फूट कुठे जातील?" मावशींनी फाटकाबाहेर पाहिलं. तिथं त्यांची हातगाडी उभी होती.

"मंग माझी गाडी?"

"तेच विचारतोय मी."

मावशींचा चेहरा उतरला. "राहू द्या सर," त्या म्हणाल्या. "आम्ही आणू धरून तिला." आणि त्या गाडीकडे निघून गेल्या.

दुसरं काम होतं वसाहतीच्या तोंडाशी स्वागत कमान. ती कुठे होणार, हेही बघायला जायचं होतं. "दिसतंय इथूनच," सर म्हणाले. चिंचोके पडले, कमान जिंकली. तिच्याखालून पाण्याचा टँकर जात नाही, हे ती उभी राहिल्यावर कळलं.

डबे पिशवीत भरताना मी सरांना म्हटलं, "कमानीला तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत."

ते डबे एकात एक घालत राहिले. मग म्हणाले, "ती माझी नव्हती ना."

"रॅम्पही तुमचा नव्हता. मावशींचा होता."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकूंना सगळं आधीच कळलेलं होतं. मावशी मेथी देऊन गेल्या होत्या.

"घाबरवलंत तिला," काकू म्हणाल्या. "आमच्या लग्नातही असंच. आपल्याच माणसांची बाजू घेतात असं माझ्या माहेरच्यांना वाटू नये म्हणून स्वतःच्या आईशी भांडले हे."

सरांनी त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

पुढचं वर्षभर ते काकूंना त्या पाच पायऱ्या चढवत राहिले. त्या वर्षात ते म्हातारे झाले, असं मला वाटतं. आधी ते वयस्कर होते. पायऱ्या चढून झाल्या की भिंतीला टेकून उभे राहत आणि बोलायला त्यांना वेळ लागे. मावशींना नातू झाला. त्यांनी पेढा दिला, पण सरांशी नीट बोलल्या नाहीत. हाक मारली की येत, काकूंना धरत, आणि गाडीवर परत जात.

पुढच्या बैठकीच्या सकाळी सरांनी ती कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "या वर्षी तुम्ही चालवा."

"आणि तुम्ही?"

"मी मागायला येतोय."

ते मागच्या रांगेत जाऊन बसले. मी चिंचोके वाटत त्यांच्यापाशी आलो तेव्हा त्यांनी दोन्ही हात पुढे केले. पाच चिंचोके कुठे ठेवायचे हे त्यांना कळेना. थोडा वेळ मुठीत धरले, मग सदऱ्याच्या खिशात टाकले, मग पुन्हा बाहेर काढले.

त्यांची पाळी आली. ते उभे राहिले. "माझ्या बायकोला चालता येत नाही," ते म्हणाले. "मला तिला उचलायला जमत नाही आता. दवाखान्याला रॅम्प हवा."

लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मग मला आठवलं की पुढचं वाक्य माझं आहे.

"चला, दाखवा," मी म्हटलं.

सरांनी चपला घातल्या. त्या दिवशी कोणालाही घरची कामं आठवली नाहीत. दवाखान्यापाशी मी त्यांना तेच विचारलं, उरलेले पंधरा फूट कुठे जातील? त्यांनी खिशातून खडू काढला. दारापासून फाटकाकडे न जाता इमारतीच्या भिंतीलगत आडवी पंधरा फूट रेघ ओढली, तिथं चौकोन काढला, वळले, आणि पुन्हा पंधरा फूट दाराच्या दिशेने आले. रॅम्प फाटकाच्या आतच वळत होता. हातगाडीला धक्का नव्हता.

"हे मागच्या वर्षीच सुचायला हवं होतं," ते मावशींना म्हणाले. "तुम्ही मांडलंत तेव्हा मी मदत करायला हवी होती. मी अडवत बसलो."

मावशी खडूच्या रेघेवरून चालत गेल्या, वळल्या, परत आल्या. "औंदा म्या बोलू का तुम्हीच बोलणार सगळं?" त्या म्हणाल्या, आणि लोक हसले. हसणाऱ्यांत सरही होते.

चिंचोके मी दोनदा मोजले. रॅम्प जिंकला.

मंजुरी आली, मग थांबली, मग पुन्हा आली. तुम्हाला माहीत आहेच हे कसं असतं. हिवाळ्यात काकू गेल्या. झोपेतच गेल्या. त्यांना स्मशानात नेताना आम्ही त्याच दवाखान्यावरून गेलो. फाटकाच्या आत खडीचा ढीग येऊन पडला होता.

रॅम्प उन्हाळ्यात पुरा झाला. सर तोवर पुण्याला लेकीकडे जायचं ठरवून बसले होते. सामान बांधलेलं होतं. आता ते तिकडेच असतात, आणि बैठक मी चालवतो. गेल्या वेळी चौदा जण होते. मी "चला, दाखवा" म्हटलं तर तिघं उठले.

पुण्याला जायच्या आदल्या सकाळी सरांनी खालून मला हाक मारली. व्हीलचेअर बाहेर काढलेली होती. ती दवाखान्याला द्यायची होती. "पण आधी रॅम्प बघून घेऊ," ते म्हणाले.

फाटकाशी पोचल्यावर त्यांनी रिकामी खुर्ची रॅम्पवर ढकलून पाहिली. ती सहज वर गेली. सरांनी मान हलवली. "याला काही अर्थ नाही. वजन पाहिजे." ते मावशींच्या गाडीपाशी गेले. "बटाट्याची गोणी आहे का?"

"हे की. पन्नास किलोची."

"तेवढंच," ते म्हणाले.

कशाएवढं ते मावशींनी विचारलं नाही. गोणीचं एक टोक मी धरलं, एक मावशींनी, आणि ती खुर्चीत बसवली. सर ढकलू लागले. मावशी एका बाजूने चालत होत्या, मी दुसऱ्या. पंधरा फूट गेल्यावर चौकोन आला. सर थांबले, दम घेतला, खुर्ची वळवली आणि पुन्हा चढू लागले. पायऱ्या आमच्या शेजारी होत्या. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. दारापाशी पोचल्यावर ते म्हणाले, "चढतेय."

मग त्यांनी खाली वाकून ब्रेक लावला, पुढे झाले, आणि गोणी उतरवायच्या आधी तिच्या पाठीमागे एक हात घातला.

"सर," मावशी हळूच म्हणाल्या, "बटाटे हेत ते."

"हो," सर म्हणाले. हात मात्र त्यांनी काढला नाही.