गोलमधलं मासळीचं जाळं

ओल्या जाळ्याचा वास आला की आमचा गोलकीपर आठवतो आणि अजूनही चीड येते. मी कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन होतो. त्या वर्षी टीम स्पर्धेला पाठवायची की नाही, हे ठरवायला सर आमचा सामना बघणार होते. गोलची जाळी फाटलेली, म्हणून त्याने घरचं मासे धरायचं जाळं बांधलं. "धुतलं काय बे?" मी विचारलं. "कायले? सांजच्याले पाण्यातच जाते ना." सामना सुरू होताच वासाने कुत्री गोलमध्ये शिरली. तो त्यांना हाकलत राहिला आणि गोल होत राहिले. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, सरांपुढे जेमतेम म्हणालो, "सर, कुत्री..." "कुत्रेच तुमच्यापेक्षा जास्त धावून राहिले," म्हणत सर उठले. टीम गेलीच नाही. परवा कॉलेजातल्या नव्या कॅप्टनने सल्ला मागितला. खूप सांगायचं होतं, पण तोंडून एवढंच निघालं, "जाळं धुऊन घे."