चाकावरची तारीख

कारखान्यात त्याला सगळे यमाजी म्हणत. शिलाई मशीनच्या पोटातली दातेरी चाकं रात्रंदिवस पळवायची, कुठलं किती तग धरतं ते पाहायचं आणि चाकाच्या कडेला शिसपेन्सिलीनं त्याची मरणतारीख लिहायची, हे त्याचं काम. एकतीस वर्षं केलं, आणि नेकीनं केलं. तारीख चुकलीच तर आठवडाभर इकडेतिकडे.

उमेदीच्या दिवसांत तो एकदा छाती फुगवून म्हणाला होता, "साहेब, आपलं पितळी चाक घरगुती कामाला चाळीस वर्षं मोडत नाही."

साहेब हसले. "गॅरंटी दोन वर्षांची. मग वरची अडतीस वर्षं आपण काय खायचं?"

पितळ गेलं, नायलॉन आलं. दोन वर्षं हमखास टिकेल आणि तिसऱ्यात दगा देईल असं चाक शोधायला त्यालाच बसवलं. त्यानं शोधलंही. एक पितळी चाक मात्र रुमालात बांधून घरी आणलं.

नोकरी संपली तेव्हा बायको जाऊन चार वर्षं झाली होती. एक खोली, एक खुर्ची, एक ताट. धाकटी बहीण तीन गल्ल्या पलीकडे उशांचे अभ्रे शिवायची. तिचं पोट त्याच कारखान्याच्या मशीनवर. एरवी तिला मान वर करायला फुरसत नसे. मशीन बंद पडलं की फोन यायचा, "दादा, मेलं बघ पुन्हा!" मग हा धुतलेला शर्ट घालून निघायचा. अर्ध्या तासाच्या कामाला दुपार लावायचा. चहा व्हायचा, आईचा विषय निघायचा. "लहानपणापासून चेंगटच तू," बहीण म्हणायची, आणि त्याला बरं वाटायचं. घरगुती दोन वर्षांचं चाक तिच्या दिवसभराच्या शिवणाला सात-आठ महिनेच पुरे; तोवर कुणी हाक मारत नसे.

रुमाल दरवेळी खिशात असायचा. बसवायचा मात्र तो नायलॉनचंच.

या खेपेला तो पोचला तेव्हा मोडकं चाक तिच्या तळहातावर होतं. तिनंच झाकण उघडलं होतं.

"यावर तारीख आहे, दादा. परवाची. आणि अक्षर तुझं."

हाताची जुनी खोड. बसवताना कधी लिहून गेला, त्याला कळलंही नव्हतं.

"माझे साठ अभ्रे अडकलेत. गिऱ्हाईक दारातून परत गेलं. याहून टिकाऊ मिळतच नाही का?"

त्यानं रुमाल सोडला.

पिवळ्याधमक चाकाकडे ती बघत राहिली. "हे कधीपासून आहे तुझ्याकडे?"

"पहिल्यापासून."

"मग?"

"मग तू कशाला बोलावलं असतंस?"

तिनं मोडकं चाक केरात टाकलं. म्हणाली, "बसव ते," आणि आत घड्या घालायला गेली.

काम अर्ध्या तासात झालं. आत चहाचं भांडं वाजलं नाही. मशीन एका सुरात चालू लागलं. सवयीनं त्याचा हात पेन्सिलीकडे गेला. तिच्या दिवसभराच्या शिवणाला हे चाक बारा वर्षं पुरणार होतं. त्याला एकाहत्तरावं लागलं होतं.

काही न लिहिता त्यानं झाकण लावलं.