बेबीनंदा दोर ओढते

बेबीनंदाला खेळाचं वेड लागलं ते पंचेचाळिशी उलटल्यावर. त्याआधी ती कधी खेळलीच नव्हती. लहानपणी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दुसऱ्या पोरींची लंगडी बघत उभं राहायचं, एवढाच तिचा खेळ. लग्न होऊन कुंभार पिंपळगावला आली, अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली आणि पुढची वर्षं लेकरांची खिचडी शिजवण्यात गेली. यंदा सावित्रीबाईंच्या जयंतीला बायकांची रस्सीखेच ठेवू, असं शाळेच्या प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, तेव्हा सगळ्यांत आधी हात वर गेला तो तिचा.

मग रोज दिवस कलला की सराव. कापूस वेचून आलेल्या बाया, बांगड्या भरणारी अनवरी, थोराड हाडाची मालनबाई, अशा आठ जणी शाळेमागच्या लिंबाला दोर बांधून ओढत. लिंब काय हलतोय! पण बेबीनंदा घरी यायची ती तळहात लालबुंद आणि तोंड फुललेलं.

"आवो, आज पाला पडला लिंबाचा!" ती नवऱ्याला सांगायची. तातेराव गवंडीकामानं मोडून आलेला असायचा, तरी हसायचा.

हसत नव्हता तो बुद्धभूषण, तिचा एकुलता एक. पोरगा पदवीधर, अंगानं दणकट. दोनदा पोलीस भरतीला उतरला. पळण्यात पहिला आला, गोळा लांब टाकला, आणि दोन्ही वेळा लेखीत थोडक्यासाठी राहिला. घरी आला, बूट पलंगाखाली सरकवले आणि तसाच आडवा झाला. वर्ष होत आलं. उन्हं अंगणात आल्यावर उठायचं, जेवायचं, मोबाइल घेऊन शाळेच्या भिंतीवर जाऊन बसायचं. तिथं अनवरीचा मुजाहिद आणि असलेच आणखी सहा-सात जण. सगळे शेजारी शेजारी, पण कुणी कुणाशी बोलत नसे. काही विचारलं की एकच उत्तर, "बघू."

बेबीनंदानं रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं, दोन दिवस अबोला धरून पाहिला. पोरगा उलटून बोलला असता तरी तिला बरं वाटलं असतं. तो चिडतसुद्धा नव्हता, आणि हाच तिचा घोर होता.

जयंतीचा दिवस उगवला. मैदानात फक्कीच्या रेघा मारल्या होत्या, भोंगा लागला होता. आठही जणींनी पदर खोचले, नऊवारीवाल्यांनी काष्टे आवळले. आणि फोन आला की शेजारच्या गावच्या बायांचा टेम्पो वाटेत बंद पडला, त्या काही येत नाहीत.

"मंग? आम्ही कुणाला ओढावं?" बेबीनंदा रडकुंडीला आली. इतक्या दिवसांची हौस हातात दोर घेऊन उभी होती. तिची नजर फिरत फिरत भिंतीवर गेली आणि तिथंच थांबली.

"ए! उतरा रे खाली!"

पोरांनी माना वर केल्या. "काय फायदा, मावशी?" एक जण म्हणाला.

"फायदा? बायांपुढं हारायची भीती वाटून राह्यली, असं म्हण की सरळ!"

मैदानात हशा उसळला. अनवरी ओरडली, "मुजाहिद, उतर जल्दी! न्हाई तर घरला येऊ नको!" पोरं आळोखेपिळोखे देत उतरली. बुद्धभूषण तेवढा भिंतीवरच राहिला.

"मला न्हाई खेळावं वाटत, माय."

सात पोरांसमोर आपण आठ नकोत, म्हणून एक बाई बाहेर झाली. बेबीनंदानं शेवटचं टोक कमरेभोवती घेतलं. शिट्टी वाजली. पोरांनी दोर धरला होता जेमतेम; एकाचा तर एक हात खिशात होता. "ओढा गं!" म्हणेपर्यंत सातही जण रेघेच्या अलीकडं, एकावर एक पडलेले. गाव शिट्ट्या मारायला लागलं. बेबीनंदा जाग्यावर उड्या मारत होती.

मुजाहिद धूळ झटकत उठला. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं चपला भिरकावल्या. "आता बराबर धरा रे."

दुसऱ्या डावाला दोर ताणला गेला तो हलेचना. मग हळूहळू बायांकडं सरकायला लागला. तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला, "टाचा रोवा! टाचा! मागं झोपा सगळे!" बेबीनंदानं मान वळवली. बुद्धभूषण उभा होता. मोबाइल भिंतीवर राहिला, आणि पोरानं खाली उडी घेतली, धावत जाऊन दोराचं शेवटचं टोक पकडलं. एक हिसका, आणि बाया फरफटत रेघेवर!

"हे चीटिंग हाय!" मालनबाई कडाडली. मॅडमनी तो डाव पोरांना दिला, पण बाहेर झालेली बाईही आत घेतली. आठाला आठ.

तिसरा डाव. या टोकाला माय, त्या टोकाला लेक. दोर करकरला. घामानं हात सटकायला लागले. बेबीनंदाला दिसत होतं ते एवढंच, की लेकाचे दात आवळलेत, मानेच्या शिरा तटतटल्यात आणि तो तिच्याकडं रोखून बघतोय. किती महिन्यांनी बघत होता! क्षणभर वाटलं, सोडावा दोर, जिंकू द्यावं लेकराला.

छे! ती खच्चून ओरडली, "हय्या!" आठही जणी एका दमात मागं पडल्या, पुन्हा "हय्या!", आणि पोरं तोंडावर आली. लिंबापेक्षा ती हलकीच निघाली.

बायांनी मैदान डोक्यावर घेतलं. अनवरी नाचत होती. आणि धुळीनं माखलेला बुद्धभूषण उठून थेट आईसमोर आला, डोळ्यांत नुसता जाळ.

"पुन्हा! आत्ताच्या आत्ता पुन्हा!"

"आज न्हाई. हात सोलले माझे."

"मंग रविवारी. बिलकुल सोडणार न्हाई तुम्हाला!"

बेबीनंदाला त्या जिंकण्याचा आनंद होताच. पण पोरगा तिच्यावर ओरडला, याचा आनंद त्याहून मोठा होता. ती घरी जाईपर्यंत हसत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे लिंबाला दोर बांधून तीन पोरं ओढत होती. काही आठवड्यांत सहा झाली, मग पुन्हा चार. कुणाला लगेच नोकरी लागली नाही. बुद्धभूषण अजूनही एखादा दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहतो. पण दुसऱ्या दिवशी बूट घालून पळायला जातो.

होळीच्या आधीच्या रविवारी पोरांनी बायांना सरळ दोन्ही डावांत लोळवलं. बेबीनंदा घरी येऊन कोपऱ्यात तोंड फिरवून बसली. लेकानं चहा करून पुढं ठेवला.

"माय, रडतीस का काय?"

"गप!" तिनं कप ओढून घेतला. "पुढच्या रविवारी दाखवते तुला."