सालेकशाच्या शाळेतले तीन द्रोण

गोंदियाला मी सारस पक्षी बघायला निघाले होते. औषधाचं नाव काढायचं नाही, ही माझी अट. पस्तीस वर्षं साताऱ्यात औषधाचं दुकान चालवलं, आता पुरे. पण सोबत भाची मृण्मयी होती आणि तिचं कामच ते. एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायची औषधं निघाली आहेत. त्यातलं कोणतं तरुण पोरांना सोयीचं वाटतं, हे ती गावोगाव विचारते. "मावशी, एक दिवस तुझा, एक माझा," असा करार झाला.

गोंदिया स्टेशनवर मी मराठीत रस्ता विचारला आणि रिक्षावाल्यानं हिंदीत उत्तर दिलं. "बैठो मावशी, सामान इधर." मावशी तेवढी मराठीतली! सकाळी एका तलावाकाठी सारसांची जोडी दिसली, माणसाएवढी उंच, आपल्याच तोऱ्यात चाललेली. तिच्याकडे बघता बघता मी बांधावरून थेट बांधीत (धानाच्या चिखलाच्या वाफ्यात) गेले, गुडघाभर. उन्हाळी धानाची रोवणी (लावणी) करणारी एक बाई शांतपणे म्हणाली, "पाय नंतर काढजा, आधी हात द्या." तिनंच मग हा तलाव कुणा पूर्वजांनी खोदला ते सांगितलं. अजून त्याच पाण्यावर धान पिकतं. मी चिखलासकट नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी रेल्वेनं सालेकसा आणि तिथून जंगलातल्या एका गावात. शाळेच्या ओसरीवर आधी आयते (तांदळाची पातळ धिरडी) आणि चण्याची भाजी मिळाली. मी पाच खाल्ले, लपवत नाही.

मग मृण्मयीनं पळसाच्या पानांचे तीन द्रोण मांडले. एक रोजच्या गोळीचा, एक दर दोन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनचा, एक दर सहा महिन्यांनी घ्यायच्या. जमलेल्या प्रत्येक पोरापोरीच्या हातात लाखोळीचा (इकडच्या एका डाळीचा) एक दाणा, जे सोयीचं वाटेल त्या द्रोणात टाकायला. आज मिळते ती गोळीच, सुया इकडे पोचायच्या आहेत, हे तिनं आधीच सांगून टाकलं.

मला वाटलं, पोरं खिदळतील. कसलं काय! गोंदियाच्या हॉटेलात काम करणारा एक तरुण म्हणाला, "खोलीत आमी चौघं राहतो. गोळी दिसली का हजार सवाल. सुईच बरी." एक मुलगी म्हणाली, "दर दोन महिन्यानं गोंदियाले कायले चालली, घरी काय सांगू? सहा महिन्याची द्या." साताऱ्यात माझ्या काउंटरवर मोठी माणसं कानात बोलत. ही पोरं सरळ बोलत होती, मला फार आवडलं.

सगळे गेल्यावर पलीकडच्या गावाहून आलेल्या तारा आणि तिची आई मागे राहिल्या. ताराचं लग्न देवेंद्रशी ठरतंय. देवेंद्रला जन्मापासून एचआयव्ही आहे, आईवडील नाहीत. तो लमझना (सासरी राहून शेत सांभाळणारा जावई) म्हणून यांच्याच घरी येणार. औषधानं विषाणू दबलेला असता तर काही प्रश्नच नव्हता. पण मागच्या उन्हाळ्यात तेंदूपत्ता (विडीची पानं) तोडायच्या मुक्कामात सोबत्यांच्या प्रश्नांना कंटाळून त्यानं गोळ्या बंद केल्या. दिवाळीत पुन्हा सुरू केल्या. विषाणू पुरता दबेपर्यंत ताराला औषध घ्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. आईचा होकार तेवढ्यावर अडला होता.

तारानं दाणा गोळीच्या द्रोणात टाकला.

माझी अट मीच मोडली. म्हटलं, "अगं, रोजची कटकट कशाला? सुई आली की ती घे. ना कुणाला दिसायला, ना विसरायला."

"काऊन विसरन?" ती म्हणाली. "मावशी, तो लहानपणापासून एकटाच गोळी खाते. तोंड फिरवून. कोणी विचारलं तं सिकलसेलची हाये म्हणते." सिकलसेल हा इकडे बऱ्याच घरांत असलेला रक्ताचा आजार, त्याच्या गोळ्यांना कुणी नावं ठेवत नाही. "मी सुई घेतली तं तो फिरून एकटाच खाईन. आन् फिरून बंद करन. मी त्याच्यासंग बसून खाईन. पाहू मंग कसा सोडते."

पस्तीस वर्षांत माझा सल्ला मलाच परत करणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

आई इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. तिनं द्रोणातला दाणा उचलून पाहिला, परत ठेवला. "तुले बी हा रोग लागला तं?" तिनं विचारलं.

मृण्मयीनं समजावलं: आधी तपासणी, मग रोज न चुकता गोळी, मधूनमधून पुन्हा रक्त तपासणं, आणि निरोध आहेच. आई ऐकत राहिली. मग उठून लुगडं झटकलं.

"जेवण झालं का दोघंही माह्यासमोर खाजा," ती म्हणाली. "मी गडवा (पाण्याचा तांब्या) एकच भरून ठेवीन."

तारा एकदम रडायला लागली आणि आई तिला म्हणाली, "चाल, गाडी चुकन."

परतीच्या रेल्वेत मृण्मयी तिचे कागद लावत बसली. मी खिडकीतून धानाच्या बांध्या बघत होते. जेवणाआधी की नंतर, दुधासोबत की पाण्यासोबत, हे मी हजारोंना सांगितलं. घरी गोळी घेताना तुमच्याजवळ कोण बसतं, हे मात्र मी एकालाही विचारलं नव्हतं.